पाणी बरं दिसतंय

“थांबा जरा, इथं पाणी बरं दिसतंय.”

हे वाक्य ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे एखादी विहीर येईल, नाहीतर नदीचा डोह. आमचे सर हे वाक्य गटारापाशी उभं राहून म्हणायचे. आणि गटारही साधंसुधं चालायचं नाही. ज्याच्यावर हिरवट साय धरली आहे, ज्याच्या कडेनं डुकरंसुद्धा विचार करून चालतात, असं गटार दिसलं की सरांच्या स्कूटरला आपोआप ब्रेक लागायचा. पिशवीतून रबरी हातमोजे निघायचे, दोरी बांधलेली काचेची बाटली निघायची, आणि इस्त्रीच्या शर्टातला हा पांढऱ्या केसांचा माणूस भर रस्त्यात ओणवा व्हायचा. बाटली भरली की ती उजेडाकडे धरून बघायचे. मग तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवून गावाचं आणि जागेचं नाव लिहायचे आणि खुशीत स्कूटरला किक मारायचे.

धाराशिवात त्यांना माघारी ‘गटारसर’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. “बरं हाय की मॅडम,” एकदा मला म्हणाले, “ह्या नावाचा कुणाला हेवा तरी वाटत न्हाय.”

मी त्यांच्याच कॉलेजात ग्रंथपाल. सर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे, म्हणजे जंतूंचं शास्त्र. त्यांची प्रयोगशाळा आणि माझं ग्रंथालय यांच्यात एकच भिंत होती आणि त्या भिंतीला वर एक झरोका. आमची ओळख त्या झरोक्यानं करून दिली. जंतूंना खायला म्हणून पलीकडे जे कालवण शिजायचं, त्याचा वास थेट माझ्या शब्दकोशांवर यायचा. मी लिंगायत घरातली, लोहाऱ्याची. आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा दबक्या आवाजात घेतात. नोकरीला लागल्यावर थोड्याच दिवसांत मी तणतणत पलीकडे गेले आणि विचारलं, “सर, कॉलेजात मटण शिजवता का काय?”

सर एका भल्या मोठ्या कुकरचं झाकण आवळत होते. मान वर न करता म्हणाले, “मीबी लिंगायतच हाय, मॅडम. गळ्यात लिंग हाय बगा. पण हे खाणारे लिंगायत न्हाईत, त्याला मी काय करू?”

तो कुकर म्हणजे आपल्या घरातल्या कुकरचा थोरला भाऊ. भांडी, नळ्या, जंतूंचं खाणं, सगळं त्यात घालून निर्जंतुक व्हायचं. त्याची शिट्टी झाली की पुस्तकावर डोकं टेकून झोपलेली पोरं दचकून जागी व्हायची. पुढे पुढे मला त्या वासाची आणि शिट्टीची इतकी सवय झाली, की सर रजेवर असले की दुपार सुनी वाटायची.

त्यांच्या घरी माझं जाणं-येणं झालं ते अक्कांमुळे. अक्का म्हणजे सरांची बायको. दोघंही नळदुर्गच्या पुढच्या, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या खेड्यांतली. घरात कन्नड, दारात मराठी. फाटक वाजलं की आतूनच आवाज यायचा, “ऊटा आतेन?” जेवण झालं का? फाटकाशी पोस्टमन असो, शेजारीण असो नाहीतर भंगारवाला, प्रश्न तोच. झालं म्हटलं तरी ताट यायचं.

आणि ताटामागून डबा यायचा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणावर मोर. अक्कांना काहीही वाया गेलेलं खपत नसे. डॉक्टरांनी आठवडाभराच्या गोळ्या लिहून दिल्या आणि दोन दिवसांत ताप उतरला, तर राहिलेल्या गोळ्या डब्यात. शेजारणींनी आणून दिलेल्या त्यांच्या उरलेल्या गोळ्याही डब्यात. मग कुणाचा घसा धरला, कुणाला गळू झालं, की अक्का झाकण उघडायच्या आणि रंग बघून गोळी काढून द्यायच्या. एकदा शेजारच्या शेळीचं करडू लंगडत होतं, त्यालाही गुळातून एक गेली. सगळी गल्ली त्यांना दुवा देत होती. आमच्याकडे हे घरोघरी चालतं. तुमच्याकडेही चालत असेल, फक्त डब्यावर मोर नसेल.

एकदा माझाच घसा धरला होता. अक्कांनी दोन गोळ्या कागदात बांधल्या. सर समोरच खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, “अगं, असल्या अर्ध्यामुर्ध्या औषधानंच जंतू शहाणे होतेत. दर वर्षी पोरांना हेच शिकवतो मी.”

“पोरांना शिकवा की. मी कुटं अडीवलंय?” अक्का म्हणाल्या. “ही काय तुमच्या वर्गातली हाय व्हय? घे गं पोरी. एक आत्ता, एक झोपताना.”

मी गोळ्या पर्समध्ये टाकल्या. सर फाटकापर्यंत सोडायला आले आणि हळूच हात पुढे केला. मी गोळ्या त्यांच्या हातावर ठेवल्या. “मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा,” ते म्हणाले, “आन् उद्या बरं वाटलं तर गोळीनं वाटलं म्हणून सांगा तिला.”

दुसऱ्या दिवशी मला बरं वाटलं आणि मी तसंच सांगितलं. अक्कांना किती आनंद झाला म्हणून सांगू.

मग एके दिवशी अक्का अंगणात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि ते चांगलंही झालं. पण जखम भरेना, आत पू धरला. एक औषध झालं, दुसरं झालं, त्याच्याहून जबर तिसरं झालं. जंतू कशालाच दाद देईना. तिथल्या डॉक्टरांनी सरांना रिपोर्ट दाखवला तेव्हा काही समजावून सांगावं लागलं नाही. तसले रिपोर्ट कसे वाचायचे, हेच तर ते वर्गात शिकवायचे. अक्का गेल्या. त्यांच्या शेतात, आमच्या रीतीप्रमाणे बसवून, त्यांना माती दिली. मी गेले होते. परतीच्या वाटेवर सर एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले आणि धाराशिव येईपर्यंत तसेच राहिले.

गटारं सुरू झाली ती त्यानंतर.

लोक म्हणाले, बिचाऱ्याचं डोकं फिरलं. मला लोकांचं ऐकून गप्प बसवत नाही. मी सरळ जाऊन विचारलं. सरांनी माझ्यासाठी स्टूल पुढे ओढलं.

“मॅडम, जंतू माणसाला खातो. पण जंतूला खाणारंबी कुणीतरी हाय. जंतूहून लई बारीक. आन् ज्याचा त्याचा खाणारा येगळा. आता जिथं जंतू लई, तिथंच त्याचा खाणारा सापडणार. शेत सोडून पाखरं कुटं जातील? म्हणून घाण पाणी पायजे.”

“आणि सापडला तर?”

“तर जिथं औषध हात टेकतंय तिथं त्याला पाठवून बगता येईल. जगात काही डॉक्टर तसं करायलेत. लई लांबचा पल्ला हाय, मला म्हाईत हाय. पण आदी सापडला पायजे.”

मग त्यांनी मला झाकणाची एक काचेची बशी दाखवली. हात लावू दिला नाही, लांबूनच. बशीत जंतू पातळ सायीसारखे पसरले होते आणि त्यांच्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवल्या होत्या. औषध चालत असेल तर टिकलीभोवती स्वच्छ गोल पडतो, असं त्यांनी सांगितलं. या बशीत एकाही टिकलीभोवती गोल नव्हता. साय सगळ्या टिकल्यांना चिकटून होती. “कुणालाच भीत न्हाय,” सर म्हणाले आणि झाकण नीट बसवलं. हा जंतू कुठून आला ते त्यांनी सांगितलं नाही. मला वाटलं, असतील असले यांच्याकडे पुष्कळ.

गटाराशी ओणव्या झालेल्या माणसाला लोक काय समजतात? नगरपालिकेचा. भोगावती नदीच्या बाजूच्या एका वस्तीत बायकांनी सरांना घेरलं. “साहेब, ही गटार कवा काढणार? पोरं आजारी पडाय लागलीत.” सरांच्या तोंडून निघून गेलं, “एवढ्यात काढू नये असं मला वाटतंय.” एक म्हातारी पदर खोचून पुढे आली. “म्हंजे? आमी मरावं व्हय?” सर इतके ओशाळले, की दुसऱ्या दिवशी स्वतः नगरपालिकेत जाऊन बसले आणि गटार काढायचं कबूल करून घेतल्यावरच उठले. गटार खरंच काढलं गेलं. सर ग्रंथालयात आले, पेपर उलटा धरून थोडा वेळ बसले आणि म्हणाले, “पोरांचं भलं झालं. पण पाणी लई चांगलं होतं, मॅडम.”

असं कितीतरी पाणी त्यांनी आणलं. नळदुर्गच्या ढाब्यांमागचं, म्हशींच्या गोठ्यांतलं, बाजारातलं, दवाखान्यांच्या मागच्या नाल्यांतलं. आणलेलं पाणी गाळायचं, जंतूवर घालायचं, दुसऱ्या दिवशी बशी बघायची. साय जशीच्या तशी. मग स्कूटर पुन्हा रस्त्याला.

मे महिन्याच्या सुट्टीत प्रयोगशाळेतला फ्रीज बिघडला आणि शिपाई तो हलवायला लागले. मी दाराशीच उभी होते. सरांनी आतला एक डबा काढून छातीशी धरला. झाकणावर मोर होता.

“सर, हा अक्कांचा डबा.”

“व्हय.” त्यांनी शिपायांना चहाला पाठवलं. “त्या दवाखान्याच्या लॅबमधी माझा विद्यार्थी होता. त्याला म्हणलं, तिच्या जखमेतला जंतू मला दे. देऊ नये, आन् मी मागू नये. पण त्यानं दिला. हितं ह्याच डब्यात ठिवलाय.”

“आणि गोळ्या?”

“जाळल्या. डबा उकळून घेतला.” ते झाकणावरच्या मोरावरून बोट फिरवत होते. “डब्याचा दोष न्हाय. हा जंतू तिला दवाखान्यातच चिकटला असंल. कशानं काय झालं ते कुणालाच सांगता येत न्हाय. पण मॅडम, सगळ्या जिल्ह्याची पोरं शिकवली मी, आन् घरातल्या एका माणसाला न्हाय शिकवता आलं. मी हसण्यावारी नेत राह्यलो.”

मग ते म्हणाले, अगदी सरळ आवाजात, “ह्याचा खाणारा मला हुडकायचा हाय. आन् दुसरंबी हाय. तिच्या अंगातलं जिवंत म्हणून माझ्याकडं एवढंच उरलंय.”

खरं सांगते, मला शिसारी आली आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आलं. ज्यानं बाईचा जीव घेतला, त्यालाच हा माणूस इतकी वर्षं डब्यात घालून जगवत होता, आणि त्याला मारणारा शोधत उन्हातान्हात वणवण फिरत होता. पुस्तकांत मी पुष्कळ प्रेमं वाचली होती. असलं वाचलं नव्हतं.

जंतूलाही खाणं लागतं. नळीतलं संपत आलं की त्याला नव्या नळीत घ्यावं लागतं, नाहीतर तो आपोआप मरतो. त्यामुळे सर कुठे राहायला म्हणून जात नसत. पुण्याला त्यांची लेक असते. ती सारखी बोलवायची, आणि हे जायचे ते नातवाच्या हातात खाऊ ठेवून परतीची एसटी गाठायचे. लेक मला फोन करायची, “मावशी, बाबांना इथं करमत नाही का हो?” मी म्हणायची, “परीक्षेची कामं असतात गं.” बारा महिने परीक्षा असणारं कॉलेज कुठलं, असं तिनं कधी विचारलं नाही. तिला वाटत असणार, बापाला आपण नकोसे झालो.

एका रविवारी मी पुस्तकांची मोजदाद करायला आले होते. कॉलेज रिकामं होतं. झरोक्यातून सरांचा आवाज आला. कुणाशी तरी बोलत होते, हळू, मायेनं.

“ऊटा आतेन?”

पलीकडे दुसरं कुणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं. नळी बदलून झाली असावी. त्यांच्या घरात आता कन्नड बोलायला कुणी उरलं नव्हतं, आणि माणसाची घरातली भाषा किती दिवस तोंडात अडकून राहणार? मी हातातलं पुस्तक आवाज न करता खाली ठेवलं आणि ते कुलूप लावून जाईपर्यंत जागची हलले नाही.

लॉकडाऊनमध्ये त्यांना चौकात पोलिसानं अडवलं. “काका, कुठं निघालात?”

“कॉलेजात. जंतूला खायला घालायचं हाय.”

तो पोलीस म्हणे काठी टेकून त्यांच्याकडे बघतच राहिला. “अवो, सगळी दुनिया जंतूला भिऊन घरात बसलीय, आन् तुम्ही त्याला जेवायला घालताय?” सरांनी त्याला तिथंच, भर चौकात, हा जंतू वेगळा आणि तो विषाणू वेगळा हे समजावून सांगितलं. पोलिसानं हात जोडले. “जावा काका. पण कुणाला सांगू नका.” पुढे रोज तो सरांना लांबूनच विचारायचा, “काका, जेवला का तुमचा?” मला ही गोष्ट सांगताना सर पोट धरून हसले. अक्का गेल्यानंतर त्यांना तसं हसताना मी तेवढंच पाहिलं.

दिवाळीला मी लोहाऱ्याला निघाले तेव्हा सरांनी मलाही बाटली आणि हातमोजे दिले. “तुमच्या बाजाराच्या मागं नाला हाय. लई मनावर घेऊ नका, पण जमलं तर आणा.” आता माझा स्वभाव तुम्हाला कळला असेल. दिवाळीत नवं पातळ नेसून, माहेरच्या गावात, ओळखीच्या सगळ्या दुकानदारांदेखत मी नाल्यात बाटली सोडली. भावजय आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. परत येताना जीपमध्ये बाटली मांडीवर ठेवली होती. शेजारच्या बाईनं “तीर्थ हाय का?” म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

पाणी देऊन मी विसरूनही गेले होते. एका सकाळी सर ग्रंथालयात आले. दारात चपला काढल्या, त्या कधी काढत नसत. म्हणाले, “मॅडम, तुमच्या गावचं पाणी लई बरं निघालं.”

मी पलीकडे धावले. बशीतल्या सायीत ठिकठिकाणी स्वच्छ गोल भोकं पडली होती, दाट उगवलेल्या रानात मध्येच टक्कल पडावं तशी. मला आनंदानं काय करावं ते सुचेना. “सापडला की हो, सर!”

“सापडला.” ते स्टुलावर बसले. बशीकडे बघत राहिले. “लई उशिरा सापडला.”

सरांनी ते पाणी पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेला पाठवलं. त्यांचं पत्र चांगलं आलं. त्यांच्याकडच्या काही जंतूंवर हा खाणारा चालतो, काहींवर नाही, आम्ही पुढे काम करू, असं लिहिलं होतं. तुमचा जंतू मात्र पाठवू नका, असले आमच्याकडे पुष्कळ आहेत. ते वाक्य सरांनी मला दोनदा वाचून दाखवलं. “पुष्कळ हाईत म्हणे,” ते म्हणाले.

त्यानंतर गटारं थांबली. बाटल्या धुऊन कपाटात गेल्या. नळ्या बदलणं मात्र थांबलं नाही. मी एकदा म्हटलं, “सर, आता खाणारा सापडला ना? मग जंतूला कशाला जगवायचं?” ते नव्या नळीवर तारीख लिहीत राहिले.

ते निवृत्त झाले त्या दिवशी कॉलेजनं शाल-नारळ दिला, भाषणं झाली. प्रयोगशाळा दुसऱ्या दिवशी नव्या मॅडमच्या ताब्यात जायची होती. असला जंतू कुणाच्या गळ्यात मारून जाणं बरं नव्हे, आणि घरी नेणं तर नाहीच, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. कार्यक्रम संपल्यावर झरोक्यातून हाक आली, “मॅडम, जरा येता का?”

टेबलावर एक नळी उभी होती. आत जंतू वाढून पाणी गढूळ झालं होतं, ताक पातळ केल्यासारखं. “सरळ कुकरमधी टाकता आलं असतं,” सर म्हणाले. “पण म्हणलं, तिला जे मिळाया पायजे होतं ते एकदा तरी मिळू दे.” त्यांनी हातमोजे घातले आणि लोहाऱ्याच्या पाण्यातून काढलेल्या त्या खाणाऱ्याचे थेंब नळीत सोडले.

मग आम्ही बसून राहिलो. दुपार कलली. शिपाई दोनदा डोकावून गेला. सरांच्या मांडीवर शाल तशीच घडी केलेली होती. उन्हाची तिरीप टेबलावर आली तेव्हा त्यांनी नळी उचलली आणि उजेडाकडे धरली, बाटली धरायचे तशी.

आतलं गढूळ सगळं विरलं होतं. पलीकडची खिडकी दिसत होती.

“पाणी बरं दिसतंय,” सर म्हणाले.

मला वाटलं, झालं. पण ते नळी खाली ठेवीनात. “मॅडम, आजची रात्र अशीच ठिवली ना, तर सकाळला परत गढूळ होईल. सगळे मरत न्हाईत. एखादा तगतो, त्यो शहाणा होतो, आन् परत वाढतो.” ते नळीकडे बघत होते. “एक रात्र ठिवलं तर परत येईल.”

मला त्यांच्या मनातलं कळलं. ठेवतो म्हणाले असते तर मी त्यांना अडवलं नसतं. त्यांनी नळी पुन्हा एकदा उजेडाकडे धरली. मग उठले, नळी कुकरमध्ये ठेवली, डब्यातल्या बाकीच्या नळ्याही ठेवल्या. झाकण उचललं आणि माझ्याकडे धरलं.

“झाकण तुम्ही लावा.”

मी लावलं. आवळायच्या चाव्या एकेक करून फिरवल्या. शिट्टी झाली तेव्हा सरांनी डोळे मिटले. त्यांनी डोळे पुसले की नाही ते मी बघितलं नाही, माझेच भरून आले होते. थोड्या वेळानं ते उठले आणि नळाखाली बोटांच्या बेचक्यांपासून कोपरापर्यंत हात धुतले. डबा तेवढा घेऊन घरी गेले.

मग ते पुण्याला लेकीकडे राहायला गेले. लेक खूश झाली. मी अधूनमधून फोन करायची आणि पहिला प्रश्न विचारायची, “ऊटा आतेन?” ते हसायचे. माझं कन्नड तेवढंच. “आतु, आतु,” म्हणायचे, झालं, झालं. मग गावाकडचं विचारायचे. एकदा म्हणाले, “हितं समदी गटारं झाकलेली हाईत, मॅडम. काय दिसतच न्हाय.” मला तेव्हा हसू आलं. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं.

नंतर त्यांचं बोलणं कमी कमी होत गेलं, आणि मग एक दिवस फोन आला तो लेकीचा. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्रास असा काही झाला नाही. त्यांना शेतात आणलं आणि अक्कांच्या शेजारी माती दिली. मी गेले. लेकीनं तो मोराचा डबा मला दाखवला आणि विचारलं, “मावशी, हा रिकामा डबा बाबा उशाशी घेऊन का झोपायचे?” मी तिला सगळं सांगितलं. परीक्षांचंही सांगितलं. ती माझ्या गळ्यात पडून रडली. “मला वाटायचं, त्यांना आम्ही नको आहोत.”

परतताना आमची जीप नळदुर्गजवळ एका ढाब्यावर थांबली. सगळे चहाला उतरले. मी हात धुवायला मागच्या बाजूला गेले, आणि तिथं नाला होता. हिरवीगार साय, वर बुडबुडे, काठाला कोंबड्यांची पिसं. मला दुसरं काही सुचलंच नाही. पिशवीतली पाण्याची बाटली रिकामी केली, हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि ओणवी होऊन बाटली भरली. बाहेरून नीट पुसली. कागदाचा तुकडा शोधला, त्यावर गाव आणि जागा लिहून तो बाटलीला गुंडाळला.

जीपवाला मागून आला. “मॅडम, चला की. आन् हे वो कुणाला न्यायलाय?”

मी बाटली हातात धरून उभी राहिले. उन्हाकडे धरून बघितलं. मग कागद काढला आणि पाणी होतं तिथं परत ओतलं.

पाणी बरं होतं.